समेट घडवताना या चुका टाळा

म्हापशाजवळच्या एका घरी मी दोन सख्ख्या भावांचे हात एकमेकांच्या हातात दिले होते. प्रार्थना झाली, दोघांचे डोळे भरून आले, वहिनींनी चहा केला. पंधरा दिवसांनी धाकट्याचा फोन आला, "दादानं पाइप कापला."

वडील वारल्यावर घराचे दोन भाग झाले, विहीर मात्र एकच राहिली. मोटर धाकट्याच्या मीटरवर आणि बाग थोरल्याची. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की दरवर्षी भांडण पेटायचं. मी त्या दिवशी क्षमेवर अर्धा तास बोललो होतो. लाइटबिलाचा विषय काढलाच नव्हता.

आमच्या चर्चच्या मंडळीत समेटाची बोलणी करायला मी गेली काही वर्षं जातो, आणि ही चूक सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. भांडणाचं मूळ न उकरता वर प्रार्थनेचं पांघरूण घालायचं. यिर्मया संदेष्ट्यानं (6:14) याच गोष्टीवर बोट ठेवलंय: लोकांची जखम वरवर बरी करतात आणि शांती नसताना 'शांती, शांती' म्हणतात. मत्तय 5:9 मध्ये प्रभूनं धन्य म्हटलंय ते शांती 'करणाऱ्यांना'. मूळ ग्रीक शब्दातही हे 'करणं' आहे. करायचं म्हणजे बसावं लागतं, विचारावं लागतं, हिशोब मांडावा लागतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सोप्यावरच्या टेबलावर वर्षभराची बिलं आणि एक वही ठेवली. तासभर युनिटांवरून वाद झाला. मग धाकटा एकदम म्हणाला, "बाबा आजारी होते तेव्हा दादानं एक रात्र काढली नाही." थोरला बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तू मला बोलावलंस कधी?" मी मध्ये बोललो नाही. त्या क्षणी एखादं वचन सांगायची फार इच्छा झाली होती, पण सांगितलं असतं तर दोघंही पुन्हा मिटले असते. अंधार पडेपर्यंत ते बोलत होते. शेवटी वहीत तीनच ओळी लिहिल्या: मोटर सकाळी प्रत्येकी एक तास, बागेच्या लाइनीला सबमीटर, पैसे पाच तारखेच्या आत. सबमीटर कोणी आणायचा यावर पुन्हा अडलं, तेव्हा तो मी आणला. प्रेषित पौलानं आपल्या फिलेमोन या मित्राला लिहिलं होतं की तुझा दास अनेसिम तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. मधल्या माणसाला कधीकधी खिशात हात घालावा लागतो.

एकाचं ऐकून निघू नका

नीतिसूत्रे 18:17 सांगतं की आधी बाजू मांडणारा खराच वाटतो, दुसरा येऊन तपास करीपर्यंत. दोघांना आधी वेगवेगळं भेटा, आणि पहिल्या भेटीत मत देऊ नका. उठताना विचारा, "यातलं काय त्यांच्यासमोर बोललेलं चालेल?" जे चालणार नाही ते पोटात ठेवा, घरी बायकोलाही सांगू नका. निरोप्याही होऊ नका. तिकडचं इकडे नेताना चांगल्या मनाच्या माणसाकडूनही शब्द बदलतो.

आणि क्रम. मत्तय 18 मध्ये तो स्पष्ट आहे: आधी एकांतात त्या भावाकडे जा, मग एकदोन साक्षीदार घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपल्याकडे आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतं, मग पाळकसाहेबांच्या कानावर जातं, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. ग्रुपवर काही आलंच तर तिथे उत्तर देऊ नका. फोन करा, नाहीतर सरळ घरी जा.

भाषेचा गैरसमज आधी तपासा

गोव्यात हे विसरून चालत नाही. आमच्याकडे सांगली-कोल्हापूरकडून आलेली घरं आहेत, तशीच इथली कोकणी बोलणारीही. ख्रिसमसच्या जेवणाला इथल्या एका मुलानं सांगलीच्या एका काकांना खुर्ची दाखवून म्हटलं, "तूं हांगा बस." प्रेमानंच म्हटलं, कोकणीत घरातल्या मोठ्या माणसालाही सहज 'तूं' म्हणतात. काका न जेवता निघून गेले आणि महिनाभर उपासनेला आले नाहीत. मुलाला कारणच ठाऊक नव्हतं. यात क्षमा मागायला लावण्यासारखं काही नव्हतंच, दोघांना समोरासमोर बसवून एक शब्द समजावून सांगायचा होता.

पण भाषेआड खरा अन्याय असेल तर मात्र 'गैरसमज' म्हणून झटकू नका. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सात माणसं नेमून वाटप त्यांच्या हाती दिलं, आणि त्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक आहेत.

घराच्या वाटणीत बहिणीला गप्प करू नका

"ख्रिस्ती प्रेमानं सोडून दे गं, भाऊच आहे तुझा." हे वाक्य मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मला त्याची लाज वाटली आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. आईवडिलांना मृत्युपत्रानंही अर्ध्या मिळकतीवरचा मुलांचा हक्क मनाला येईल तसा काढून घेता येत नाही. हक्क सोडायचा तर रीतसर लेख लागतो, आणि लग्न झालेल्या बहिणीच्या बाबतीत सहसा नवऱ्याची संमतीही. वाटणी जमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरीचा, म्हणजे मिळकतीची यादी करून कोर्टामार्फत वाटणी करून घेण्याचा, मार्ग आहे. तिथे जाणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे. समेटाच्या बैठकीत कोऱ्या कागदावर कोणाचीही सही घेऊ नका.

मारहाण होत असेल तर समेटाला बसू नका

नवरा हात उचलत असेल तर दोघांना एका खोलीत बसवून तिला "प्रार्थना कर, सहन कर" म्हणणं हे पाप आहे, असं मी मानतो. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112. नवऱ्याशी बोलायचं ते वेगळं, नंतर, आणि तिला परत पाठवण्याचा शब्द त्याला न देता.

दुसरी बाजू येतच नसेल तर

ओढून आणू नका, तारीखही ठरवून देऊ नका. रोमकरांस पत्रात पौल 'शक्य असल्यास, तुमच्याकडून होईल तितके' सर्वांशी शांतीनं राहा असं म्हणतो, म्हणजे काही वेळा ते आपल्या हाती नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं जमत नव्हतं. पौलानं दोघींना नावानं विनंती केली, आणि एका सोबत्याला सांगितलं की या दोघींना मदत कर. पुढे काय झालं ते पत्रात नाही.

आमच्याकडेही दोघी जणी चार वर्षं बोललेल्या नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मी एकीकडे जातो, दुसऱ्या रविवारी दुसरीकडे. विषय मी काढत नाही. मागच्या महिन्यात मी चप्पल घालत असताना थोरली म्हणाली, "तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. चालते का आता?"