मधुमेहात रात्री वारंवार लघवी: पाणी तोडू नका, आधी कारण शोधा

रात्री तीन-चारदा उठावं लागतं म्हणून संध्याकाळपासून पाणीच बंद. मधुमेहींच्या घरात ही चूक सर्रास होते आणि तीच सगळ्यात घातक. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. तहान लागते ती त्यामुळेच. अशात पाणी तोडलं की अंग कोरडं पडतं आणि साखर आणखी चढते. म्हाताऱ्या माणसांवर ग्लानी येण्याची वेळ येऊ शकते. दिवसभर पाणी व्यवस्थित प्या, झोपण्याआधीचे दोन तास तेवढे बेताने. रात्रीचा चहा मात्र खुशाल सोडा.

दुसरी चूक म्हणजे फक्त उपाशीपोटीची साखर पाहून निश्चिंत होणं. दहा वाजता भात जेवून झोपणाऱ्याची साखर मध्यरात्री चढलेली असू शकते. जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री उठाल तेव्हा एकदा, असं काही दिवस ग्लुकोमीटरवर तपासा.

गोळ्यांच्या वेळाही बघा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. अशा गोळ्या रात्री घेत असाल तर सकाळी घेतल्या तर चालतील का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.

‘वयच झालंय’ म्हणून सोडून देणं मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण कारणाचा माग घरीच लागू शकतो. खुणा असलेला एक प्लॅस्टिकचा मग घ्या. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट वहीत लिहा. सकाळची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरा. वयस्कर माणसात चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त रात्री होत असेल, तर लघवी रात्रीच जास्त तयार होतेय. मग संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठतात का, पाहा. पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं हेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यानेही रात्रीची लघवी वाढते. उलट दर वेळी पन्नास-शंभर मिलीच होत असेल, तर मूत्राशयाकडे लक्ष द्या: जंतुसंसर्ग, पुरुषांत प्रोस्टेट, किंवा मधुमेहाने नसा बिघडून मूत्राशय पूर्ण रिकामं न होणं. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, लघवी अडकणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटून, हातपाय थरथरून जाग आली, तर साखर फार उतरलेली असू शकते; बाथरूमकडे धावण्याआधी पलंगावर बसूनच ती तपासा.