कच्च्या केळ्यांचा चीक हाताला लागू नये म्हणून

रावेर-यावल भागात कापणीच्या वेळी घडापासून सुटलेल्या कच्च्या केळ्यांच्या फण्या घरी सहज येतात. पण ती सोलायला बसले की बोटे चिकटतात, नखांच्या कडा काळ्या पडतात आणि सालीबरोबर बराचसा गरही वाया जातो.

भाजी किंवा कटलेट करायचे असल्यास केळी कच्ची असताना सोलूच नयेत. ती धुऊन, दोन्ही टोके कापून, सालीसकट मधोमध तुकडे करावेत आणि तुकडे बुडतील एवढ्या पाण्यात चिमूटभर हळद व मीठ घालून कुकरला एकच शिटी काढावी. वाफ जिरल्यावर काळपट झालेली साल कडेने सुटलेली दिसते. तुकडा कोमट असतानाच ती ओढली, तर मोज्यासारखी अखंड निघून येते आणि आतला गर सुरीने काप करता येतील इतका घट्ट राहतो. दुसरी शिटी झाली, तर मात्र तो काळ्या मसाल्याच्या रश्श्यात विरघळू लागतो.

वेफर्ससाठी केळी कच्चीच सोलावी लागतात. अशा वेळी तळहात, बोटे आणि सुरी यांना आधी गोडेतेल चोळावे, सालीला उभी चीर देऊन अंगठ्याने ती उचलावी आणि सोललेले केळे लगेच मिठाच्या पाण्यात सोडावे, म्हणजे ते काळे पडत नाही. तळण्यापूर्वी काप कापडावर पूर्ण कोरडे करावेत.

चिकाचा डाग कपड्यावर पडला, तर तो साबणानेही सहसा जात नाही. म्हणून मांडीवर जुने फडके घेऊनच बसावे.