ज्यू परंपरेनुसार फळझाडाची निगा कशी राखावी

रोप लावल्यावर पहिली 3 वर्षे त्याची फळे खाऊ नयेत. चौथ्या वर्षाची फळे पवित्र मानावीत. ज्यू नववर्षाच्या किमान 44 दिवस आधी लागवड झाली असेल, तर तेवढा काळही पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून तारीख नोंदवून ठेवावी.

झाड तोडण्याचा विचार आल्यास मात्र थांबावे. नगराला वेढा घातला असतानाही तिथली फळझाडे तोडू नयेत, असे तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ बजावतो. युद्धात जे वर्ज्य, ते अंगणात त्याहून अधिक वर्ज्य मानायला हवे. झाड शेजारच्या झाडांना अपाय करत असेल, तर मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस तोडण्याची मुभा देतात, तरीही आधी छाटणी करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

निसान या वसंतातल्या ज्यू महिन्यात बहरलेले फळझाड प्रथम दिसताच आशीर्वचन म्हणावे.