सॉलिड मेकॅनिक्समध्ये प्राध्यापक व्हायचे असेल तर

सॉलिड मेकॅनिक्स (घन पदार्थ भाराखाली कसे ताणले जातात, वाकतात, तुटतात याचे शास्त्र) आणि मटेरियल मॉडेलिंग (पदार्थाचे हे वर्तन समीकरणांत मांडणे) या क्षेत्रात अध्यापन-संशोधन करायचे असेल, तर टेन्सरचे गणित (अनेक दिशांतले ताण एकत्र मांडण्याची पद्धत) आणि कंटिन्युअम मेकॅनिक्स (पदार्थ सलग आहे असे मानून त्याची हालचाल व ताण अभ्यासणारे शास्त्र) आधी पक्के करावे. गेट या प्रवेश परीक्षेचे गुण प्रवेशाला उपयोगी पडतात, पण पीएच.डी.ची वर्षे हाच पाया निभावून नेतो.

सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी एकदा तरी स्वतः टेन्साइल टेस्ट (नमुना तुटेपर्यंत ओढण्याची चाचणी) करावी आणि जबड्यांत धरलेली सौम्य पोलादाची पट्टी तुटण्याआधी एका जागी कशी बारीक होते, ते डोळ्यांनी पाहावे. यंत्राच्या आलेखातला ताण (क्षेत्रफळाच्या एककावरचे बल) पट्टीच्या मूळ क्षेत्रफळावर काढलेला असतो, त्यामुळे 0.20 विकृतीला (मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) 400 मेगापास्कल दिसत असतील, तर त्या क्षणीच्या बारीक झालेल्या क्षेत्रफळावरचा खरा ताण 480 मेगापास्कल आणि खरी विकृती सुमारे 0.182 असते. हे रूपांतर पट्टी एका जागी बारीक होऊ लागेपर्यंतच चालते. कच्चे आकडे तसेच फायनाइट एलिमेंटच्या (वस्तूचे छोटे तुकडे करून गणित सोडवणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये भरणारे विद्यार्थी पुढे महिनोन्महिने चूक शोधत बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मॉडेलचे स्थिरांक एका चाचणीवरून ठरवावेत आणि पडताळणी मात्र वेगळ्याच चाचणीवर करावी. मेश (त्या तुकड्यांची जाळी) बारीक केल्यावर उत्तर बदलत राहिले, तर शोधनिबंध पाठवण्याची घाई करू नये.