टॉर्क मोजायला बसताय? आधी या चुका टाळा

नाशिकच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मॅग्नेटिक ट्वीझर्स (काचेला बांधलेल्या डीएनएच्या वरच्या टोकाचा चुंबकी मणी ओढून-फिरवून डीएनए ताणायचं, पिळायचं यंत्र) शिकायला आलेलं प्रत्येक पोरगं पहिल्याच दिवशी विचारतं, "सर, टॉर्क (पिळाचा जोर) कधी मोजायचा?" अरे बाबा, बीडला (त्या मण्याला) नक्की काय बांधलंय ते आधी बघ!

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. बीडला दोन डीएनए चिकटलेले असतात आणि आपण एकच धरून चालतो. मीही चाललो होतो. टेदर (डीएनएने काचेला बांधलेले बीड) भरपूर मिळावेत म्हणून डीएनए सढळ हाताने ओतला आणि तीन आठवडे डेटा गोळा केला. बीडची उंची आणि चुंबकाच्या फेऱ्या यांच्या आलेखात शून्य फेऱ्यांपाशी एक टोक दिसायचं, ते मी नॉइज म्हणून सोडून दिलं. झोपाळ्याची पाटी अर्धी फिरवली की दोन्ही दोऱ्या एकमेकींवर आडव्या पडतात आणि पाटी वर उचलली जाते ना? तेच ते टोक. पहिल्याच फेरीत बीड काचेकडे ओढला जात होता. निम्म्याहून जास्त डेटा कचऱ्यात गेला.

आता माझी सवय अशी: ८,००० बेसजोड्यांच्या डीएनएला ४ पिकोन्यूटन ताण द्यायचा आणि उलट्या (पीळ उकलणाऱ्या) २० फेऱ्या. एकच रेणू असेल तर त्याचे धागे मध्येच सुटे होतात, उंची जवळपास तशीच राहते. दोन असतील तर उंची घसरते. मग ०.३ पिकोन्यूटनवर सुलट (पीळ वाढवणाऱ्या) २० फेऱ्या. उंची हललीच नाही तर कुठेतरी निक (दोनपैकी एका धाग्यात तूट) आहे, पीळ साठतच नाही. जीव लावू नका, पुढचा बीड बघा.

दुसरी चूक चुंबकाची. नेहमीची चौकोनी जोडी बीडला इतकं घट्ट धरते की डीएनएचा टॉर्क त्याला जेमतेम हलवतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधक गटाने २०१० मध्ये दाखवलेली रचना घ्या: नळीसारखा चुंबक, बाजूला एक छोटा. चुंबकाच्या पकडीचा कडकपणा म्हणजे ४.१ (खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा, पिकोन्यूटन-नॅनोमीटरमध्ये) भागिले बीडच्या कोनाचं व्हेरियन्स, म्हणजे थरथरीच्या वर्गाची सरासरी (कोन रेडियनमध्ये). हा कडकपणा गुणिले डीएनएने बीड जितका वळवला तो कोन म्हणजे टॉर्क. ५० पिकोन्यूटन-नॅनोमीटर प्रति रेडियन आला तर बीड साधारण १६ अंश थरथरतो. घाईत छोटं रेकॉर्डिंग केलं की संथ हेलकावे निसटतात, व्हेरियन्स कमी येतं आणि टॉर्क फुगतो. मी रेकॉर्डिंग लावून चहाला जातो.

डीएनए पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका, त्यानेही निक पडतात.

सेटअपचं सरकणं कळायला काचेला चिकटलेला संदर्भ-बीड हवाच. जानेवारीतल्या इथल्या थंडीत सकाळी सुरू केलेला सेटअप दुपारपर्यंत सरकत राहतो.

आणि मायक्रोस्कोपमधल्या आरशामुळे फिरण्याची दिशा उलटी दिसते, तेव्हा सुलट-उलट स्क्रीनवरून ठरवू नका; ४ पिकोन्यूटनवर ज्या बाजूला उंची टिकते, ती उलटी.