समोरासमोरची दोन दुकानं आणि एक प्रेमकथा

समोरासमोर दुकान असलेले तो आणि ती, आधी वैरी आणि मग प्रेमात, अशी कथा लिहायची असेल तर आधी त्यांच्या भांडणाला खरं कारण द्या. माझ्या पहिल्या मसुद्यात दोघं नुसतेच एकमेकांवर खेकसत होते. वाचून मैत्रीण म्हणाली, "पण यांचं बिनसलंय कशावरून?" मला उत्तर देता येईना. मग गिऱ्हाईकच मोजकं ठेवलं: एकाकडे गेलं की दुसऱ्याचा गल्ला रिकामा. गाव लहान, त्यामुळे तोंड चुकवायला दुसरा रस्ताही नाही.

वैर हळूहळू विरघळू द्या. तिचं शटर अडकतं, तो कुरकुरत येऊन खालून जोर लावतो आणि हाताचं ग्रीस तिच्याच पाटीला पुसतो. एवढंच. लगेच नजरानजर नको! सगळं गैरसमजावर ढकलणं मला तरी आळशीपणा वाटतो. आणि लग्नासाठी तिला दुकान बंद करायला लावू नका.