डॉटनेटमध्ये रनटाइमला कोड जनरेट करताय? या चुका टाळा

सी शार्पमध्ये मॅपर (एका ऑब्जेक्टमधली माहिती दुसऱ्यात भरणारा कोड) किंवा रूल इंजिन लिहायला घेतलं की रिफ्लेक्शन (चालू प्रोग्राममध्ये टाइपची माहिती काढून वापरणं) वापरू, एक्सप्रेशन ट्री (कोडची झाडासारखी मांडणी, जी नंतर कंपाइल करता येते) वापरू की थेट आयएल (डॉटनेटची मधली, खालच्या पातळीची भाषा) एमिट करू, म्हणजे स्वतः लिहू, हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण उत्तर ठरवतात ते स्पीड बघून. चूक इथंच होते. आधी हे बघा की ज्या टाइपसाठी कोड हवाय तो कधी कळणारे, बिल्ड करताना की प्रोग्राम चालू झाल्यावर. बिल्डलाच कळत असेल तर रनटाइमला काही जनरेट करूच नका, 2020 पासून, म्हणजे डॉटनेट 5 पासून सोर्स जनरेटर (बिल्ड करतानाच सी शार्प कोड तयार करणारी सोय) आहेत, त्यांनी केलेला कोड वाचता येतो, डीबगही करता येतो. जनरेटर लोडच होत नसेल तर त्याचा प्रोजेक्ट नेटस्टँडर्ड 2.0 या टार्गेटवर आहे ना ते तपासा.

टाइप रनटाइमलाच कळणार असेल तर एक्सप्रेशन ट्री घ्या. पण ट्रीची कंपाइल ही मेथड लूपमध्ये कॉल करू नका!! हे मी इतक्या वेळा बघितलंय की काय सांगू. कंपाइल करणं महागडं काम आहे, त्यातून तयार झालेलं डेलिगेट (थेट कॉल करता येणारं फंक्शन) कॉल करणं स्वस्त, त्यामुळे दर रिक्वेस्टला नव्याने कंपाइल केलं तर साध्या रिफ्लेक्शनपेक्षाही स्लो होतं आणि मग लोक म्हणतात एक्सप्रेशन ट्रीच बेकार. टाइपची की करून कॉन्करंट डिक्शनरीत (अनेक थ्रेडना एकदम वापरता येणाऱ्या डिक्शनरीत) डेलिगेट ठेवा, झालं.

सर्व्हिसची मेमरी हळूहळू वाढतेय, मॅनेज्ड हीप (डॉटनेट स्वतः साफ करतं ती मेमरी) मात्र ठीक दिसतोय? मग लोड झालेल्या असेंब्ली (कंपाइल झालेल्या कोडचे गठ्ठे) मोजा. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये एक्सएमएल सिरियलायझर (ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा क्लास) दर वेळी रूट अ‍ॅट्रिब्यूटवाल्या कन्स्ट्रक्टरने बनवला जात होता, त्या कन्स्ट्रक्टरला जनरेट झालेली असेंब्ली कॅश होत नाही, दर वेळी नवी बनते आणि प्रोसेस संपेपर्यंत तशीच पडून राहते. सिरियलायझर एकदाच बनवून स्टॅटिक ठेवला, प्रश्न मिटला.

थेट आयएल लिहिणं शेवटी ठेवा. इंट ऑब्जेक्ट म्हणून परत करताना बॉक्स (इंटला ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणारी सूचना) विसरलात तर भलत्याच ठिकाणी क्रॅश होतं आणि दिवस जातो, तेच एक्सप्रेशन ट्रीमध्ये कन्व्हर्ट विसरलात तर ट्री बनवतानाच एरर येते, कुठला टाइप जुळत नाही तेही सांगते. डॅपरसारख्या (डेटाबेसमधल्या ओळींचे ऑब्जेक्ट करणाऱ्या) लायब्ररीला आयएल परवडतं कारण तिथं तो कोड अख्ख्या जगात चालतो, आपल्या बिलिंग मॉड्यूलला गरज नसते.

अजून एक, युजरने टाइप केलेला फॉर्म्युला जसाच्या तसा रोझलिन स्क्रिप्टिंगला (सी शार्प मजकूर रनटाइमला चालवणाऱ्या सोयीला) देऊ नका. तिथं सँडबॉक्स (कोडला मर्यादेत ठेवणारी बंदिस्त जागा) नाही, आपल्या प्रोसेसला जे जमतं ते सगळं त्या फॉर्म्युल्यालाही जमतं.

आणि उद्या नेटिव्ह एओटीवर (प्रोग्राम आधीच मशीन कोडमध्ये कंपाइल करून ठेवण्यावर) जायचं असेल तर आजच बघून ठेवा, तिथं जिट (प्रोग्राम चालताना कंपाइल करणारा भाग) नसल्याने रिफ्लेक्शन एमिट, म्हणजे रनटाइमला आयएल लिहिणं, चालत नाही, एक्सप्रेशन कंपाइल चालतं पण इंटरप्रिटरवर, म्हणजे ज्या स्पीडसाठी ते घेतलं तोच जातो.